साच्याच्या खुणा: अहमदाबाद ते चंडीगड

बांधकामाच्या द्रव्यांमध्ये काँक्रीटचे वेगळेपण हे की, त्याला स्वतःचा आकार नसतो. दगड खाणीतून निघतो तो आपले थर आणि आपली शीर घेऊन, लाकडाला रेषा आणि गाठी असतात, वीट भट्टीतून ठरावीक मापाचीच बाहेर पडते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवून केलेला माल मात्र ज्या साच्यात ओतावा त्या साच्याचा होतो. तो घट्ट होतो तो वाळल्यामुळे नव्हे, तर सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे, आणि म्हणूनच स्लॅब भरल्यावर कित्येक दिवस त्यावर पाणी मारत राहावे लागते. काँक्रीटला अपेक्षित ताकद येण्याचा काळ अभियंते 28 दिवसांचा धरतात. असे पक्व झालेले काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते, आणि ही उणीव त्याच्या पोटात घातलेल्या पोलादी सळ्या भरून काढतात. उन्हात पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हा योगायोग नसता तर ही सोयरीक पहिल्याच उन्हाळ्यात मोडली असती.

महाराष्ट्रातील शहरी माणूस जन्मभर काँक्रीटमध्ये राहतो, तरी ते त्याच्या नजरेस क्वचितच पडते, कारण साचा, म्हणजे कामावरच्या बोलीतले सेंट्रिंग, उतरवला की लगेच गिलावा चढतो, गिलाव्यावर रंग चढतो आणि खांब-तुळयांनी केलेले सगळे काम भिंतीआड जाते. काँक्रीट उघडे ठेवावे, साच्याच्या खुणा पुसू नयेत आणि इमारतीने जे सांगायचे ते याच खडबडीत अंगाने सांगावे, हा विचार भारतात सर्वाधिक धाडसाने आजमावला गेला तो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत, आणि त्याची मोठी उदाहरणे एकवटली आहेत ती अहमदाबाद आणि चंडीगड या दोन शहरांत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी अहमदाबादला उतरतो, आणि हा क्रम अभ्यासाच्या दृष्टीनेही सोयीचा ठरतो, कारण चंडीगडला जे प्रचंड प्रमाणावर झाले त्याची लहान, नेटकी आणि काही बाबतींत अधिक यशस्वी रूपे अहमदाबादेत आधी पाहता येतात.

अहमदाबादच्या आश्रम रोडवर, साबरमतीच्या पश्चिम काठाला लागून, गिरणीमालक संघाची इमारत उभी आहे. फ्रान्समध्ये स्थायिक झालेले स्विस वास्तुकार ल कोर्ब्युझिए चंडीगडच्या कामासाठी 1951 साली भारतात आले, तेव्हा अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यांना आपल्या शहराकडेही वळवले, आणि संघाचे तेव्हाचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांच्या पुढाकाराने 1954 साली ही वास्तू पूर्ण झाली. तिचा नकाशा उन्हाने आखला आहे असे म्हटले तरी चालेल. उत्तर आणि दक्षिण बाजूंना उघड्या विटांच्या जवळजवळ सलग भिंती आहेत. रस्त्याकडची पश्चिम बाजू काँक्रीटच्या तिरप्या उभ्या पट्ट्यांनी आणि आडव्या फळ्यांनी झाकली आहे. नदीकडच्या पूर्व बाजूला अशाच पट्ट्या आहेत, पण त्या तिरप्या नसून सरळ आहेत. दर्शनी भागापुढे उभारलेल्या अशा पट्ट्यांच्या जाळीला वास्तुकलेत सूर्यरोधक म्हणतात. पश्चिमेचे ऊन खाली कलून थेट आत घुसते, म्हणून तिथे पट्ट्या तिरप्या ठेवून सूर्याची वाट अडवली आणि वाऱ्याला कडेने जाऊ दिले. पूर्वेला नदी पाहायची होती, म्हणून तिथे डोळ्यांची वाट मोकळी ठेवली. एकाच द्रव्याची एकच जाळी केवळ कोन बदलून दोन वेगवेगळी कामे करते, आणि ते काम ज्याला समजले त्याला दर्शनी भागाचे सौंदर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रस्त्यावरून एक लांब उतरण थेट पहिल्या मजल्यावर नेते. ती चढताना सूर्यरोधकाच्या पट्ट्या हाताच्या अंतरावर येतात, आणि इथे थांबून काँक्रीट जवळून पाहण्यासारखे आहे. साच्याच्या फळ्यांचे तंतू त्यावर उमटलेले आहेत. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचे पाणी निसटले तिथे बारीक उंचवट्याची रेघ राहिली आहे. कुठे फळी किंचित पुढे-मागे बसल्याने पृष्ठभागात पाव बोटाची पायरी पडली आहे. माल नीट ठोसला न गेल्याने खडी उघडी पडलेल्या जागा आहेत, ज्यांना बांधकामावर हनीकोंब म्हणतात आणि एरवी ज्या मुकादमाच्या नजरेस पडताच मसाल्याने बुजवल्या जातात. या खुणा म्हणजे ओतकामाची रोजनिशीच होय. सुताराने कोणती फळी कुठे मारली आणि त्या दिवशीचा माल कुठवर आला, हे सत्तर वर्षांनंतरही भिंतीवर वाचता येते.

वरच्या मजल्यावरील सभागृहाच्या भिंती वळणदार आहेत, आतून त्यांना लाकडाचे अस्तर आहे, आणि काटकोनांच्या शिस्तीत उभ्या असलेल्या चौकटीत हे वळण मुद्दाम बंडखोरासारखे ठेवलेले दिसते. नदीकडच्या सज्जातून वास्तुकाराला जे दृश्य अपेक्षित होते, म्हणजे वाळवंटात कापड धुणारे लोक, पाण्यात डुंबलेल्या म्हशी आणि गाढवे, ते आता नाही. 2012 पासून तिथे नदीकाठचा बांधीव विहारमार्ग आहे, तोही काँक्रीटचाच, पण गुळगुळीत आणि अबोल. गिरण्याही बहुतेक गेल्या. मुंबईच्या गिरणगावात गिरण्या गेल्यावर चिमण्यांखेरीज फारसे काही उरले नाही, अहमदाबादेत मालकांचे सभागृह उरले, आणि ते जगभरचे विद्यार्थी पाहायला येतात. इतिहासाचा हा न्याय कुणाला कसा वाटेल तो वाटो.

काँक्रीट असे उघडे ठेवण्यामागे केवळ आवड नव्हती, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये पोलादाची टंचाई होती, आणि मार्सेय येथील 1952 साली पूर्ण झालेल्या प्रचंड निवासी इमारतीवर निरनिराळ्या गटांनी केलेले ओतकाम एकसारखे उतरेना. ते घासूनपुसून सारखे करण्याऐवजी ल कोर्ब्युझिए यांनी त्या ओबडधोबडपणालाच इमारतीचा स्वभाव ठरवले. भारतात आल्यावर त्यांना आढळले की इथे यंत्रे कमी आणि हात पुष्कळ आहेत. डोक्यावर घमेली घेऊन परांचीवर चढणाऱ्या बायका, हाताने बांधलेल्या सळ्या, बांबू-बल्ल्यांचे टेकू आणि मिळेल त्या लाकडाच्या फळ्या यांतून निघणारे काँक्रीट गुळगुळीत असणे शक्यच नव्हते, आणि ज्या दृष्टीने मार्सेयच्या दोषांना गुण मानले होते तिला भारतातील बांधकाम म्हणजे आयतीच संधी होती.

तथापि भारतात उघड्या काँक्रीटचा आरंभ त्यांच्यापासून झाला, ही समजूत चुकीची आहे. पुदुचेरी येथील श्रीअरविंद आश्रमाचे गोलकोंडे हे वसतिगृह त्याच्याही आधीचे आहे. चेक वंशाचे अमेरिकी वास्तुकार अँटोनिन रेमंड यांनी जपानमधील आपल्या अनुभवाच्या बळावर त्याचा आराखडा केला, जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रान्स्वा सामेर यांनी जागेवर राहून काम पाहिले आणि आश्रमातील साधकांनी स्वतः त्यात श्रम केले. तिथले काँक्रीट कमालीचे सफाईदार आहे, कारण त्या कामाला मुदतीची घाई नव्हती. म्हणजे कमी यंत्रे आणि पुष्कळ हात यांतून खडबडीतपणाच निघतो असे नव्हे. हातांना किती वेळ दिला, यावर ते ठरते, आणि खडबडीत काँक्रीटला भारतीय मातीचा गुणधर्म ठरवून टाकणाऱ्या समीक्षकांनी गोलकोंडे लक्षात ठेवलेले बरे.

अहमदाबादेतीलच साबरमती आश्रमाच्या आवारातील गांधी स्मारक संग्रहालय हे काँक्रीटच्या प्रयोगांच्या यादीत सहसा धरले जात नाही, कारण तिथे डोळ्यांत भरतात ते विटांचे खांब, कौलारू छपरे आणि लाकडी झडपा. चार्ल्स कोरिया यांनी 1958 ते 1963 या काळात उभारलेल्या या वास्तूत सहा मीटर बाजूच्या चौरस दालनांची रचना आहे, काही दालने झाकलेली, काही उघडी, मध्ये पाण्याचे कुंड, आणि खिडक्यांना काच नाही. मात्र मान वर केली की दोन छपरांच्या मध्ये विटांच्या खांबांवर आडवे टेकलेले काँक्रीटचे पन्हळ दिसते. ते तुळई म्हणून छपराचा भार घेते आणि पन्हळ म्हणून पावसाचे पाणीही वाहून नेते. एका वस्तूने दोन कामे करावीत आणि दोन्ही कामे डोळ्यांना दिसावीत, यापेक्षा काँक्रीटच्या अभिव्यक्तीची अधिक संयत व्याख्या सापडणे कठीण आहे. कोरियांचे पुढचे उंच आणि गाजलेले काम, मुंबईच्या कंबाला हिलवरील 1983 साली पूर्ण झालेले कांचनजंगा, हे धाडसाच्या दृष्टीने कितीतरी मोठे असले तरी शहाणपणाच्या दृष्टीने साबरमतीचे हे पन्हळ त्याच्या पुढे आहे.

अहमदाबादच्याच भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे आयआयएमच्या, जुन्या आवारात काँक्रीट आणखी एका वेगळ्या भूमिकेत भेटते. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्या आग्रहावरून अमेरिकी वास्तुकार लुई कान यांनी 1962 पासून हे काम हाती घेतले, आणि त्यांनी विटेला मुख्य मान दिला. विटेची कमान भार आल्यावर दोन्ही बाजूंना फाकू पाहते, आणि जुन्या बांधकामात हे फाकणे थोपवण्यासाठी कडेला जाड भिंती लागत. कान यांनी कमानीच्या दोन्ही टोकांना जोडणारी काँक्रीटची आडवी पट्टी घातली, जी कमानीचा ताण स्वतःवर घेते. त्यामुळे रुंद आणि बसक्या कमानी शक्य झाल्या, आणि भिंतीत लाल विटेच्या कमानीखाली करडी सरळ रेघ असे जे चित्र वारंवार दिसते ते सजावटीचे नसून बलांचे आहे. कान यांचे 1974 मध्ये निधन झाल्यावर उरलेले काम आणि नंतरच्या अनेक इमारती मुंबईत जन्मलेले व वाढलेले वास्तुकार अनंत राजे यांनी सांभाळल्या. मराठी वाचकांना हे नाव जितके माहीत असायला हवे होते तितके ते नाही. दुसऱ्याची शैली मोडू न देता तिच्यात स्वतःची भर घालणे हे वास्तुकलेत नव्याने काही उभारण्याइतकेच अवघड असते, आणि राजे यांनी ते तीन दशके केले.

स्वतः दोशी हे पुण्यात 1927 साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, पॅरिसमध्ये ल कोर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करून ते गुरूंची कामे पाहण्यासाठी अहमदाबादला परतले आणि तिथलेच झाले. पालडी भागातील त्यांचे टागोर स्मारक सभागृह म्हणजे घडीच्या पाट्यांच्या रचनेचा नमुना आहे. कागद सपाट धरला की वाकतो, पण त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच पुस्तकाचा भार पेलतो. याच तत्त्वावर काँक्रीटच्या तुलनेने पातळ पाट्या घड्या घालून उभ्या केल्या की मधे एकही खांब न घेता मोठा विस्तार झाकता येतो. या सभागृहात भिंतीही घडीच्या आणि छतही घडीचे आहे, आणि बाहेरून पाहताना प्रत्येक घडीवर पडणारी सावली दिवसभर सरकत राहते. याची संरचना महेंद्र राज यांची होती. भारतातील काँक्रीटच्या या कालखंडात वास्तुकारांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत, परंतु ज्याच्या आकडेमोडीवाचून त्यातील निम्म्या इमारती कागदावरच राहिल्या असत्या त्या अभियंत्याचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले.

दोशींचे विचार पुढे बदलत गेले. 1980च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कार्यालयासाठी बांधलेल्या ‘संगाथ’ या अर्ध्या जमिनीत दडलेल्या वास्तूच्या कमानदार छपरांत काँक्रीटच्या दोन थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या घातल्या आहेत, ज्यांतील हवा उष्णता रोखते, आणि वरून चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांची पांढरी नक्षी आहे, जी ऊन परतवते. उघड्या काँक्रीटचे व्रत इथे मोडले आहे, आणि अहमदाबादचा मे महिना ज्याने अनुभवला आहे तो याबद्दल दोशींना दोष देणार नाही. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी 1990च्या दशकात केलेली ‘अमदावाद नी गुफा’ ही तर साच्यालाच रजा देणारी वास्तू आहे: फेरोसिमेंट या पद्धतीत तारेची जाळी हव्या त्या आकारात वळवून तिच्यावर सिमेंट-वाळूचा मसाला हाताने थापतात, त्यामुळे फळ्या लागत नाहीत आणि कवच इंचभर जाडीचे असले तरी पुरते. आत वाकडेतिकडे खांब, घुमटांतून येणारे उजेडाचे गोल कवडसे आणि भिंतींवर हुसेन यांची चित्रे. तिच्याविषयी कितीही कौतुकाने लिहिले गेले असले, तरी ती खेळकर आहे आणि खेळकरपणापलीकडे फारशी जात नाही, हे नमूद करणे भाग आहे.

अहमदाबादहून चंडीगडला जाणारा प्रवासी दिल्लीत गाडी बदलतो, आणि 2017 पूर्वी दिल्लीत थांबण्याला एक सबळ कारण होते. प्रगती मैदानावर 1972च्या व्यापार प्रदर्शनासाठी राज रेवाल यांनी आराखडा केलेले आणि महेंद्र राज यांनी संरचना केलेले हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह होते. ते त्रिमितीय जाळीचे होते, म्हणजे लहान लहान दांडे त्रिकोणांत जोडून तयार केलेली, सर्व दिशांना भार वाटून देणारी रचना; जगभर अशी जाळी पोलादाची करतात, पण त्या काळी भारतात पोलाद महाग आणि दुर्मीळ असल्याने ती काँक्रीटची, आणि तीही जागेवर हाताने ओतून, करण्यात आली. मार्सेयमध्ये टंचाईने खडबडीतपणा दिला होता. दिल्लीत टंचाईने जगात अन्यत्र न केलेले काहीतरी करायला भाग पाडले. हे प्रदर्शनगृह एप्रिल 2017 मध्ये पाडण्यात आले. ते साठ वर्षांचे झालेले नसल्याने वारसा ठरू शकत नाही, अशी भूमिका तेव्हा घेण्यात आली होती.

चंडीगडला पोचल्यावर प्रथम जाणवते ते अंतर. शिवालिकच्या पायथ्याशी, शहराच्या डोक्याशी ठेवलेल्या कॅपिटॉल संकुलात उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन या तीन इमारती आहेत, आणि त्यांच्यामधील काँक्रीटचे पटांगण इतके विस्तीर्ण आहे की जूनमधल्या दुपारी ते ओलांडणारा माणूस सावलीसाठी आसुसतो. 2016 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे संकुल सरकारी कारभाराचे ठिकाण असल्याने ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाच्या सोबतीनेच पाहावे लागते. लाहोर पाकिस्तानात गेल्याने पंजाबला नवी राजधानी हवी होती. शहराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला होता, नोविकी यांच्या अपघाती मृत्यूनंतर ते काम ल कोर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्याकडे आले, आणि त्यांच्या हाताखाली भारतीय वास्तुकारांचा जो गट घडला त्यात ऊर्मिला युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर हे मराठी आडनावही आढळते.

उच्च न्यायालय 1955 साली वापरात आले. इमारतीवर दुसरे छप्पर छत्रीसारखे उचलून धरले आहे, दोन छपरांमधून हवा खेळते, आणि प्रवेशाशी हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांचे तीन उंच सुळके आहेत. कल्पना उत्तम होती, पण समोरच्या बाजूने पाऊस आणि ऊन न्यायदालनांच्या दारापर्यंत येऊ लागले, तेव्हा पुढे आच्छादित मार्ग जोडावा लागला. आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनापुढील व्हरांड्याचा वाद तर 2025 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सत्तर वर्षांनी एका इमारतीच्या सावलीबद्दल न्यायालयाला निर्णय द्यावा लागणे, हा आराखड्यावरचा अभिप्रायच समजावा. सचिवालय 254 मीटर लांब आहे, आणि एवढे लांब काँक्रीट उन्हाने फुगून तडकू नये म्हणून ते सहा भागांत तोडून मध्ये प्रसरणासाठी फटी ठेवल्या आहेत. त्याच्या दर्शनी भागावरील सूर्यरोधक दुरून भव्य दिसतो. मात्र काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर ती सावकाश सोडते, त्यामुळे ऊन अडवणारा हा पडदा संध्याकाळी स्वतःच शेगडी होतो, ही टीका अभ्यासकांनी वारंवार केली आहे आणि ती रास्त आहे.

विधानभवनापुढे मात्र टीकाकारालाही थांबावे लागते. पाण्याच्या कुंडासमोर वर वळलेल्या पन्हळीच्या आकाराचे प्रचंड छत खांबभिंतींच्या रांगेवर टेकले आहे, आणि आत शिरल्यावर अंधाऱ्या छताखाली उंच खांबांचे एक वनच लागते. या खांबांच्या मधून सभागृहाचे कवच उगवलेले आहे: तळाशी रुंद, मध्ये आवळलेले, वर पुन्हा किंचित उमललेले, सुमारे 38 मीटर उंच आणि सरासरी 15 सेंटिमीटर जाडीचे. भूमितीत या आकाराला अतिपरवलयी कवच म्हणतात, आणि त्याची खुबी अशी की त्याचा वक्र पृष्ठभाग सरळ रेषांनी बनवता येतो, त्यामुळे साचा सरळ फळ्यांनी बांधता येतो. विद्युत केंद्रांचे शीतक मनोरे याच कारणासाठी या आकाराचे असतात, आणि ल कोर्ब्युझिए यांना ही कल्पना अहमदाबादच्या विद्युत केंद्राचे मनोरे पाहून सुचली होती. कारखान्याची वस्तू उचलून तिला लोकशाहीचे सभागृह करणे हे या सगळ्या प्रवासातील सर्वांत मोठे धाडस होय. त्याची किंमतही द्यावी लागली, कारण अशा पोकळ कवचात आवाज घुमतो आणि तो आवरण्यासाठी भिंतींवर ध्वनिशोषक आकार लावावे लागले. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांच्या विधानसभा आज याच इमारतीत भरतात.

संकुलातील काँक्रीटवर काही ठिकाणी लहान उठावाच्या आकृत्या आहेत: मासा, कासव, सूर्य, हात, पाऊल. त्या कोरलेल्या नाहीत. लाकडात कोरलेले आकार ओतकामाआधी साच्याच्या आतल्या अंगाला ठोकायचे, माल भरायचा आणि फळ्या काढल्या की आकृती भिंतीवर उमटलेली, अशी ही पद्धत. पाषाणशिल्पात शिल्पी नको तो भाग काढतो. इथे सुतार जे उलटे कोरतो ते काँक्रीट सुलटे करून दाखवते. मोठ्या आकारांच्या गर्दीत या खुणांकडे दुर्लक्ष होते, पण काँक्रीट हे साच्याचे अपत्य आहे हे त्यांच्याइतके उघडपणे दुसरे काहीच सांगत नाही.

या इमारतींना आता वयाची दुखणी लागली आहेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि सळ्यांना गंजापासून वाचवणारी काँक्रीटची अल्कता घटवतो. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून रेटा येऊन पापुद्रे सुटतात आणि सळ्या उघड्या पडतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते, जे मुंबईकराला आपल्या सज्जाच्या खालच्या बाजूकडे पाहून वेगळे सांगायला नको. गिलावा असलेल्या इमारतीत दुरुस्ती लपते; उघड्या काँक्रीटवर मात्र प्रत्येक ठिगळ दिसते, आणि जुन्या रंगाला, जुन्या खडीला आणि जुन्या फळीच्या तंतूला मिळते-जुळते ठिगळ लावणे हे स्वतंत्र कसब आहे, जे निविदेतील सर्वांत कमी दराने मिळत नाही.

परतीच्या वाटेवर दादरला उतरणाऱ्याने गोखले रस्त्यावरील पोर्तुगीज चर्च अवश्य पाहावे. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली त्याची सध्याची वास्तू 1977 साली पूर्ण झाली; झाकलेल्या आणि उघड्या चौकांची साखळी आणि त्यांवर काँक्रीटची शंक्वाकार कवचे, ज्यांच्या शेंड्यातून उजेड खाली उतरतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. साबरमतीच्या पन्हळीतला विचार इथे मोठा होऊन आला आहे. रोज तिच्यावरून बसने जाणाऱ्या हजारोंना ही वास्तू म्हणजे केवळ थांब्याचे नाव आहे. कोरियांचीच पणजी येथील कला अकादमी हीही याच कुळातली, आणि 2023 साली नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले, हे महाराष्ट्र-गोव्यातील संस्थांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातही स्वातंत्र्यानंतरच्या त्या तीन दशकांतील उघड्या काँक्रीटची महाविद्यालये, नाट्यगृहे आणि प्रार्थनास्थळे आहेत, आणि त्यांच्या विश्वस्तांनी पापुद्रे सुटू लागताच रंगाचे डबे मागवू नयेत. काँक्रीटचा नव्याने फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव टाकला की निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग तसाच राहतो; नुकसान किती खोल गेले आहे हे या साध्या चाचणीवरून कळते. ती आधी करावी, वास्तुसंरक्षकाला बोलवावे आणि गिलाव्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.